परदेशी शिष्यवृत्तीची यादी विमान सुटण्याआधी लावा

मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती ही राज्याच्या मोजक्या चांगल्या योजनांपैकी एक. दरवर्षी अनुसूचित जातींतल्या 75 मुलामुलींची फी, विमानभाडे आणि निर्वाह भत्ता सरकार देते. माझी मुख्य तक्रार तारखांबद्दल आहे.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवते. माझे विद्यार्थी बहुतेक करून इंग्लंडलाच अर्ज करतात, कारण तिथे एमए किंवा एमएस्सी वर्षभरात पदरात पडते. तिथले प्रवेश आदल्या ऑक्टोबरपासून सुरू होतात आणि वर्ग सप्टेंबरात भरतात. मधल्या काळात ऑफर लेटर, बऱ्याच विद्यापीठांत अनामत, मग 'कॅस' (व्हिसासाठी लागणारे विद्यापीठाचे प्रवेश-निश्चितीचे पत्र) आणि शेवटी व्हिसा.

आपली जाहिरात निघते ऐन उन्हाळ्यात किंवा त्यानंतर. अर्जासोबत अनकंडिशनल, म्हणजे कुठलीही अट न उरलेले, ऑफर लेटर हवे. ते पदवीच्या अंतिम निकालाशिवाय मिळत नाही आणि आपल्या विद्यापीठांच्या निकालाचा भरवसा कोणी द्यावा? 2017 साली मुंबई विद्यापीठात ऑनलाइन तपासणीपायी निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, हे सगळ्यांनाच आठवत असेल. त्यापुढे छाननी, निवड समिती, मंजुरी. यादी लागेपर्यंत तिकडे वर्ग भरलेले असतात.

हातात शिष्यवृत्तीचे पत्र नसेल तर व्हिसासाठी स्वतःचे पैसे दाखवावे लागतात. फीशिवाय नऊ महिन्यांच्या खर्चाची रक्कम सलग 28 दिवस बँकेत हवी. लंडनसाठी ती सध्या 13,761 पौंड आहे, लंडनबाहेर 10,539. ज्या घराचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचा दाखला आपणच मागता, त्या घराने एवढी रक्कम महिनाभर कुठून आणून ठेवायची? कुणी जमीन गहाण टाकते, कुणी पाहुण्यांकडून चार दिवसांच्या बोलीवर उचलते. अनामतीची अंतिम तारीख उलटून गेली तेव्हा एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी मला विचारले होते, "मॅडम, विद्यापीठ थांबतं का हो आपल्यासाठी?" थांबत नाही. फार तर जागा पुढच्या वर्षावर ढकलतात, तीही त्यांची मर्जी असेल तर.

जाता जाता भत्त्याचेही सांगते. इंग्लंडसाठी आपण वर्षाला 9,900 पौंड देता. वरचे आकडे नऊच महिन्यांचे आहेत, आणि लंडनबाहेरचा आकडासुद्धा आपल्या वर्षभराच्या भत्त्यापेक्षा मोठा आहे.

बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून डॉ. आंबेडकरांना 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुढे 1920 मध्ये ते पुन्हा गेले, तेव्हा साठवलेला पगार, उसने पैसे आणि खुद्द शाहू महाराजांची मदत कामी आली. किंग हेन्रीज रोडवरचे ज्या घरात ते राहिले, ते आपल्याच सरकारने 2015 मध्ये विकत घेतले. लंडनला गेलेले पुढारी तिथे आवर्जून जातात, जावेच. पण त्याच शहरात शिकायला निघालेल्या पोरांची यादी मंत्रालयात टेबलावर पडून राहू नये.

मागणी अगदी साधी आहे. जाहिरात डिसेंबरात काढा. कंडिशनल ऑफरवरच अर्ज घ्या, एप्रिलपर्यंत तात्पुरती यादी लावा आणि निवड झालेल्यांना तेव्हाच हमीचे पत्र द्या. निकाल आणि अनकंडिशनल ऑफर आली की निवड कायम करा. कोणी गळालेच तर प्रतीक्षायादी आहे. उत्पन्नाचा दाखला नव्या आर्थिक वर्षाचा लागतो, ही अडचण आपले अधिकारी हमखास पुढे करतील. तात्पुरत्या यादीसाठी जुना दाखला चालवावा, नवा एप्रिलनंतर घ्यावा. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो.

फक्त तो दिवाळीच्या आधी निघायला हवा, नाहीतर डिसेंबरची जाहिरात पुन्हा उन्हाळ्यावर जाईल.

आपली,
एक प्राध्यापिका