पाणवठ्यावर तंबू लावणाऱ्यांसाठी नियम करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या पेपरात पाणवठ्याचे फोटो येणं सुरू होते, पाण्यात बसलेला वाघ, चितळाचा कळप, छानच असतात ते. पण इतक्यात एक गोष्ट वाढून राहिली आणि त्यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. पानं-फांद्या छापलेल्या कापडाचे छोटे तंबू आता ऑनलाइन सहज भेटतात, दोन मिनिटांत उघडणारे, आणि नागपूरच्या आजूबाजूला जिथे गेट नाही, जिप्सी नाही, म्हणजे अभयारण्याबाहेरचं झुडपी जंगल, तलावाचे काठ, शेताला लागून असलेले नाले, तिथे पोरं हे तंबू घेऊन फोटोसाठी बसतात. बसण्याला माझी हरकत नाही. कुठे अन कसं बसतात, त्याला आहे.

हा तंबू मुळात फोटोसाठी बनलाच नाही. अमेरिकेत लायसन्स काढून, ठरलेल्या सीझनमध्ये, धनुष्यबाणाने हरीण अन एल्क मारायची परवानगी राहते, त्या शिकाऱ्यांचा हा ग्राउंड ब्लाइंड, म्हणजे जमिनीवर लपून बसायचा तंबू. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही मोठं जनावर, पण बाणाचा भरवशाचा पल्ला कमी, बहुतेक जण २०-३० यार्डांच्या आतच बाण सोडतात, म्हणून जनावर तेवढं जवळ यावं यासाठी सगळी मेहनत. आपले पोरं हेच व्हिडिओ बघून शिकतात. आपल्या नागपूरचा तिरंदाज ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये ३ गोल्ड घेऊन आला, तेव्हापासून कंपाउंड धनुष्य (टोकांना चाकं असलेलं) काय असते हे नागपुरात घराघरात माहीत झालं, याचा मला खूप अभिमान आहे. पण मोबाईलवर त्याच धनुष्याचे व्हिडिओ बघता बघता पोरगं शिकारीच्या व्हिडिओवर पोहोचते आणि विचारते, आपल्याकडे चालते का हे. नाही चालत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, बाण असो की बंदूक (पिकाचं नुकसान करणाऱ्या रोही-रानडुकरांसाठी वनविभागाची वेगळी परवानगी लागते, तो विषय वेगळा). आणि हे बऱ्याच फोटोवाल्यांना माहीतच नसते की जनावराला आमिष टाकणं हेसुद्धा त्या कायद्याच्या व्याख्येत शिकारीतच येते. म्हणजे फोटोसाठी मीठ नाहीतर दाणे टाकून बसणाराही त्यात आला.

आता त्या शिकाऱ्यांकडून घेण्यासारखं काय आहे तेही सांगतो, कारण ते लोक हे काम फार मन लावून करतात. तंबू ते बसायच्या दिवशी लावत नाहीत, बरेच दिवस आधी लावून सोडून देतात, म्हणजे रोजच्या वाटेवर अचानक उगवलेल्या गोष्टीची हरणाला सवय होते. लावताना मागे झाडोरा असेल अशी जागा बघतात, कारण उघड्यावर तंबूची चौकोनी आकृती लांबूनच ओळखू येते. तंबूच्या सगळ्या खिडक्या उघडल्या की मागच्या उजेडात माणसाची सावली हलताना दिसते, म्हणून फक्त समोरची एक फट उघडी, बाकी बंद, आणि आत बसणाऱ्याच्या अंगात काळे कपडे. हरणाला लाल-नारिंगी रंग नीट कळत नाही पण निळा चांगला दिसतो, म्हणून जीन्स घालून बसणं हे चुकीचंच. आतली जमीन पाला काढून साफ करतात. आपल्याकडे तर हे पहिलं काम, एप्रिल-मे मध्ये सागाचा वाळलेला पाला असा वाजते की पाय सरकवला तरी चितळाचे कान वळतात. आपल्या जंगलात वांदरं वरून बघतात, त्यांनी एकदा खेकसलं की खालचा कळप थांबत नाही, म्हणून तंबूला वरून छत पाहिजेच.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट वारा. वारा तुमच्याकडून पाण्याकडे जात असेल तर बाकीचं सगळं वाया. मुठीत चिमूटभर राख घेऊन सोडली की कळते. दुपारची झळ असते तोवर वाऱ्याची दिशा तरी समजते, संध्याकाळी तो पडते अन गार हवा उताराने खाली सरकते, आणि पाणवठा तर खोलगट जागीच राहते, म्हणून दुपारी बरोबर वाटलेली जागा सांबर निघायच्या वेळेला वास देते.

पण इथेच मला जे सांगायचं आहे ते आहे. त्या शिकाऱ्याला हरीण एकदा जवळ आलं की काम झालं. आपल्याला ते उद्याही यायला पाहिजे, परवाही, अन त्याच्या पिल्लानेही यायला पाहिजे. म्हणून त्यांचा वारा, पाला, काळे कपडे घ्या, पण अंतर घेऊ नका. आपल्याकडे लांबून टिपणारी लेन्स आहे, मग पाण्यापासून २०-२५ मीटरवर तंबू कशाला? मे महिन्यात आजूबाजूचे नाले आटले की कधी कधी एकच डबकं उरते, नाहीतर टँकरने भरलेला सिमेंटचा पाणवठा, आणि त्याच्या तोंडाशी माणसाचा वास घेऊन कोणी दिवसभर बसला तर जनावर ४५ डिग्रीत झाडाखाली उभं राहून परत जाते. फोटो न भेटलेला माणूस घरी येऊन माठातलं पाणी पिते, ते जनावर कुठे जाईल? शिवाय तंबू लपवायला हिरव्या फांद्या तोडतात, येण्या-जाण्याच्या पायवाटेवरच तंबू टाकतात, आणि कळप पाण्यावर असतानाच उठून निघतात, तेव्हा सगळे उधळतात. जनावरं गेल्याशिवाय उठायचं नाही, अंधार पडला तरी चालेल, हे तर शिकारीसुद्धा पाळतात.

जिवाचा प्रश्न पण आहे. पेंच, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, बोर, या सगळ्यांचे वाघ हद्दीबाहेर फिरतात, मोहफुलाच्या दिवसांत अस्वलं पहाटेच झाडाखाली असतात. कापडी तंबूने वाघ-अस्वल थांबत नाही. बुद्धपौर्णिमेला वनविभाग लोकांना मचाणावर बसवते ते याच्यासाठीच, जागलीला जाणारा शेतकरीही उंचावरच बसते. आणि बीटच्या (म्हणजे नेमून दिलेल्या जंगलाच्या तुकड्याच्या) वनरक्षकाचा विचार करा, उन्हाळ्यात पाण्यात विष टाकणारे अन लपून बसणारे शोधत तो एकटा पायी फिरते, त्याला झुडपात असा तंबू दिसला तर आत कॅमेरा आहे की अजून काही, हे त्याने कसं ओळखायचं?

म्हणून माझी वनविभागाला आपल्या पेपरमार्फत विनंती आहे. तंबू लावून बसायचं असेल तर आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) ऑफिसात नाव, जागा, वेळ लिहून परवानगी घ्यावी असा साधा नियम करा, बीटच्या वनरक्षकाला त्याची माहिती द्या. गोरेवाड्याच्या तलावाकडे अन बफरमध्ये (राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यात) जिथे जमते तिथे विटा-मातीची पक्की बंदिस्त लपणं बांधा, पाण्यापासून लांब, वाऱ्याची बाजू बघून, ती बारा महिने तिथेच राहतील म्हणून जनावरांना सवय होईल आणि पोरांनाही सुरक्षित बसता येईल, गावातल्या पोरांना गाईड म्हणून कामही भेटेल. आणि जिथे एकच पाणी उरलं आहे तिथे नवतपा (मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपून पहिला पाऊस येईपर्यंत कोणालाच बसू देऊ नका, मोठा फोटोग्राफर असो की माझ्यासारखा जुना जंगलात फिरणारा.

आपला,
एक नियमित वाचक,
काटोल रोड, नागपूर