व्याख्याने पुरे, चार दिवसांची खोली द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यात मराठी लेखकांसाठी काही करायचे म्हटले की संमेलन, कार्यशाळा नाहीतर प्रकाशन समारंभ, यापलीकडे संस्थांची मजल सहसा जात नाही. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, तीन व्याख्याने, जेवण, समारोप. लेखक घरी परततो तेव्हा पिशवीत प्रमाणपत्र असते आणि कादंबरी होती त्याच पानावर असते. ज्याचे लेखन अर्ध्यावर अडले आहे त्याला मार्गदर्शन क्वचितच कमी पडते. कमी पडतो तो सलग वेळ. चार-पाच दिवस घराबाहेर, स्वयंपाकाची चिंता नाही, कुणाची हाक नाही आणि पुढ्यात एक टेबल. याला लेखन-निवास म्हणा, रिट्रीट म्हणा. आपल्याकडे ही सोय थोड्या खर्चात होऊ शकते आणि त्यासाठी नवी वास्तू बांधायचीही गरज नाही. फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या खोल्या, उभ्याच आहेत.

घरी लिहिणाऱ्याला रोज तास-पाऊण तास मिळतो असे धरले तरी त्यातली पहिली पंधरा-वीस मिनिटे कालचा धागा शोधण्यात जातात. पात्र कुठल्या खोलीत उभे होते, मागच्या प्रकरणात आत्याचे वय काय दिले होते, पाऊस सुरू झाला होता की व्हायचा होता. धागा सापडेपर्यंत दारात पदेर, म्हणजे पाववाला, येतो, पाठोपाठ गॅसवाला. लहान कवितेचे किंवा स्फुटाचे यात फारसे बिघडत नाही, त्यासाठी कुठे जाऊन राहायचीही आवश्यकता नाही. कादंबरी, नाटक, मोठा अनुवाद, प्रबंध यांचे तसे नाही. तिथे सगळा पसारा काही दिवस एकदम डोक्यात राहावा लागतो. निवासात पानांची संख्या वाढते हा फायदा दुय्यम आहे. खरा फायदा असा की तिसऱ्या प्रकरणातली चूक अकराव्या प्रकरणात का बोचते आहे ते दिसते, कारण दोन्ही प्रकरणे एकाच आठवड्यात वाचलेली असतात.

हिशेब मात्र बेताचा ठेवावा. दिवसाला चार तास खरे लेखन झाले तरी पुष्कळ. तासाला अडीचशे-तीनशे शब्द धरले तर दिवसाला हजार-बाराशे. पाच दिवसांच्या मुक्कामात साडेचार हजारांच्या आसपास, कारण पहिला दिवस बहुतेकांचा झोपेत जातो. तो जाऊ द्यावा. आठ-आठ तास बसण्याचा पण करून येणारे दुसऱ्या संध्याकाळी कंटाळून गावात फिरायला निघतात.

या सोयीची सर्वांत जास्त गरज बायकांना आहे, हे संयोजकांनी आधी ध्यानात घ्यावे. पुरुष लेखक दार लावून बसला की घर हळू आवाजात बोलू लागते. बाई बसली की डाळ कुठल्या डब्यात आहे ते विचारायला त्याच दारावर थाप पडते. म्हणून तारखा ठरवताना संस्थेचे पदाधिकारी कधी मोकळे आहेत हे शेवटी पाहावे. शिक्षिकांना मे नाहीतर दिवाळीची सुटी लागते, घरी आजारी माणूस असेल त्यांना गुरुवार ते रविवार एवढेच जमते. पाच दिवसांचा एक आणि तीन दिवसांचे दोन असे निवास ठेवले तर निम्म्या अडचणी मिटतील.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये मॅकडॉवेल नावाचे कलावंतांचे निवासस्थान १९०७ पासून चालू आहे. तिथे दुपारचे जेवण टोपलीतून प्रत्येकाच्या दाराशी ठेवून जातात आणि आमंत्रणावाचून कुणी कुणाच्या स्टुडिओत जात नाही. एवढे दोन नियम उचलले तरी आपले काम भागेल. टोपलीऐवजी डबा.

आता जागा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे देव अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, आले, मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून. दूरवरून येणाऱ्या महाजनांना आणि भाविकांना उतरता यावे म्हणून देवळांभोवती अग्रशाळा झाल्या. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी, सगळीकडे त्या आहेत. जाड भिंती, ओळीने खोल्या, पुढे लांब सोपा, जवळ तळी, फोंड्याची बस हाकेच्या अंतरावर. जत्रांच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. पाऊस लागला की वर्दळ ओसरते आणि लेखकाला नेमके तेच दिवस सोयीचे असतात. किनारपट्टीवरच्या खोल्याही पावसाळ्यात स्वस्त होतात, पण तिथला रात्रीचा आवाज पावसाने कमी होत नाही. शिवाय तिथे संध्याकाळ फेणीकडे वळते आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ, म्हणजे लिहिण्याची मुख्य वेळ, हातची जाते. अग्रशाळेत हा प्रश्न देवच सोडवतो.

दिनदर्शिका पुढे ठेवूनच तारीख ठरवावी. कार्तिकापासून वैशाखापर्यंत जत्रा, त्यात फाल्गुनात शिगमो, तेव्हा नको. श्रावणात कुठे कुठे भजनी सप्ताह असतो, रात्रंदिवस टाळ-मृदंग चालतो. त्या देवस्थानाचा सप्ताह कधी आहे ते विचारून घ्यावे. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गोव्यात कुणी घराबाहेर राहणार नाही आणि आधीच्या आठवड्यात माटोळीपासून (गणपतीवर टांगायची फळांची आरास) पुरणापर्यंतचे विचार डोक्यात असतात. राहता राहिला आषाढ. तोच सर्वांत चांगला. वारही पाहावा. मंगेशीला सोमवारी पालखी असते, म्हार्दोळला रविवारी. पालखी त्रासाची नाही, उलट संध्याकाळी उठून बघावी अशी असते. फक्त त्या वेळेत लेखनाचा तास लावू नये.

अग्रशाळेत खोली मिळते, टेबल मिळेलच असे नाही. पलंगावर मांडी घालून लॅपटॉपवर लिहिणाऱ्याची मान तिसऱ्या दिवशी धरते. मांडव-डेकोरेशनवाल्याकडून चार फूट बाय दोन फुटांची घडीची टेबले भाड्याने आणावीत, उंची २९-३० इंच. खुर्ची १७-१८ इंचांची, हात नसलेली. हात असले की खुर्ची टेबलाखाली सरकत नाही. खोलीत बहुधा एकच प्लग असतो आणि तो भलत्या कोपऱ्यात, म्हणून चार मीटर वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड प्रत्येकाने आणावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवावा, नाहीतर हाताची सावली अक्षरावर पडते.

पावसाळ्यात कागद ही एक स्वतंत्र कटकट आहे. जुलैच्या हवेत उघडे राहिलेले पान रात्रीतून मऊ पडते, कडा वळतात. शाईच्या पेनाने लिहिले की शाई फुटते आणि रफार-वेलांटी एकमेकांत मिसळतात. प्रिंटर दोन-दोन पाने एकदम ओढून अडकतो. उपाय सोपा आहे. घट्ट झाकणाचा पत्र्याचा बिस्किटांचा डबा, तळाशी कोरडे भाजून गार केलेल्या मूठभर तांदळाची पुरचुंडी किंवा सिलिका जेलच्या पुड्या, वर कागद. एका बैठकीला लागतील तेवढीच वीस-पंचवीस पाने बाहेर काढावीत. लिहायला बॉलपेन किंवा एचबी पेन्सिल. खुणेच्या रंगीत चिठ्ठ्याही दमट भिंतीवर टिकत नाहीत, म्हणून प्रकरणांचा तक्ता दोरी बांधून चिमट्यांना लटकवावा.

विजेच्या लपंडावाबद्दल गोमंतकीयांना काय सांगायचे. कडकडाट सुरू झाला की चार्जरची पिन काढावी, रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचे लेखन पेनड्राइव्हवर उतरवावे. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या फायली निघण्यापूर्वीच युनिकोडमध्ये बदलून तपासाव्यात, कारण रूपांतरात जोडाक्षरे हमखास दगा देतात आणि ती दुरुस्त करण्यात निवासाची एक सकाळ सहज जाते. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात छपाईला द्यायचे असेल तर पीडीएफ करूनच न्यावे.

माणसे सहा ते आठ. दहाच्या वर गेली की रात्रीच्या गप्पा मैफलीत बदलतात आणि सकाळी सोप्यावर कुणी दिसत नाही. निवड करताना नाव, वय, पुरस्कार बघू नयेत. लिहून झालेली वीस पाने आणि पुढे काय करायचे आहे त्याचे एक पान, एवढे मागवावे. नवा विषय सुचेल म्हणून येणाऱ्याला हात जोडून नाही म्हणावे. कोऱ्या पानापुढे पाच दिवस बसणे ही शिक्षा आहे, आणि असा माणूस दुसऱ्या दिवसापासून इतरांच्या खोल्यांतून फिरू लागतो.

संदर्भाचे काम घरून निघण्यापूर्वी आटोपावे. पणजीत कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासूनचे, ते यासाठीच आहे. लागणारी पाने तिथेच उतरवून घ्यावीत. निवासात गेल्यावर इंटरनेटवर बघू, हे वाक्य फार घातक आहे. एक सनावळी शोधायला मोबाइल उघडतो आणि अर्धा तास कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघण्यात जातो. लिहिता लिहिता शंका आली तर तिथे चौकोन करून पुढे जावे. मोबाइल स्वयंपाकघरातल्या एका पेटीत, संध्याकाळी अर्धा तास परत. घरच्यांना अडीअडचणीसाठी संयोजकाचा नंबर द्यावा, म्हणजे पेटीकडे नजर जात नाही.

स्वयंपाकाला गावातलीच एक रांधपी ठेवावी आणि तिला योग्य मजुरी द्यावी. लेखकांनी पाळीपाळीने स्वयंपाक करण्याची कल्पना ऐकायला छान वाटते. प्रत्यक्षात पाळी कुणाचीही असो, ओट्याशी बायकाच उभ्या दिसतात. आठ माणसांना पाच दिवसांसाठी नऊ-दहा किलो तांदूळ पुरतो. गॅसचा दुसरा सिलिंडर आणून ठेवावा, पहिला संपायचा तर भर जेवणाच्या वेळीच संपतो. देवस्थानाच्या आवारात शाकाहार, हे अर्जदारांना आधीच कळवावे. गोव्यात पाच दिवस मासळीविना राहायचे म्हणजे मनाची तयारी लागते. सकाळी उकड्या तांदळाची पेज उत्तम, पोटाला हलकी पडते. दुपारी पोटभर शीतकडी झाली की डोळे मिटणारच, म्हणून कामाचा भर सकाळीच असावा. साडेसहा ते साडेदहा लेखन, मधे पंधरा मिनिटे सोप्यावर पाय मोकळे. दुपारच्या आरतीनंतर जेवण आणि झोप. साडेतीन ते पाच सकाळचे वाचून दुरुस्ती, तीही ओठ हलवत, कारण संवादातला खोटेपणा डोळ्यांना दिसत नाही, जिभेला अडखळतो. बैठक संपवताना पुढचे वाक्य माहीत असताना थांबावे, म्हणजे दुसऱ्या सकाळी हात लगेच चालतो.

एकमेकांना वाचून दाखवणे शेवटच्या रात्रीवर ढकलावे. कच्चा मजकूर दुसऱ्याच दिवशी वाचला आणि कुणी भुवई उंचावली की लेखक उरलेले दिवस त्या भुवईसाठी लिहितो. आणि कृपा करून उद्घाटन नको. पाहुणा आला की छायाचित्र आले, आभार आले, म्हणजे एक सकाळ गेली. संस्थेला अहवालासाठी छायाचित्र हवेच असेल तर ते निघायच्या दिवशी काढावे.

घरी परतल्यावर आठ दिवसांच्या आत हस्तलिखित टंकून घ्यावे. समासातल्या बाणांचे अर्थ नंतर लिहिणाऱ्यालाही लागत नाहीत.

देवस्थान समित्यांनी आषाढात दोन आठवडे आठ खोल्या नेहमीच्या दराने द्याव्यात आणि साहित्यसंस्थांनी एका समारंभाच्या मांडवाचा खर्च त्याकडे वळवावा, एवढीच विनंती. अर्ज चैत्रातच गेलेला बरा. समितीच्या बैठकीत विषय येऊन ठराव व्हायला दोन महिने सहज लागतात. अर्जासोबत राहणाऱ्यांची यादी, ओळखपत्रांच्या प्रती आणि कुठल्याही खोलीत माईक लावला जाणार नाही असे लेखी हमीपत्र जोडावे.

आपले,
निवासी लेखन शिबिरांचे काही संयोजक
फोंडा, गोवा