परदेशी आहे हे ठरायच्या आत माणूस सोंडेकोप्पला पाठवू नका

प्रति,
मा. गृहमंत्री, कर्नाटक सरकार

महोदय, सादर नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बंगाली बोलणारे मजूर कामाला येतात. त्यातल्या कुणाला बांगलादेशी असल्याच्या संशयावरून उचलले, तर पुढचा मुक्काम नेलमंगलजवळच्या सोंडेकोप्पचे डिटेन्शन सेंटर (परदेशी नागरिकांना परत पाठवेपर्यंत ठेवायची जागा) असू शकतो. इथून ते जवळपास 500 किलोमीटर. बेकायदा आलेल्यांवर कारवाई व्हायला आमची हरकत नाही. पण कायद्याने सांगितलेली पडताळणी माणूस हलवण्याआधी, बेळगावातच पुरी व्हावी.

घोळ बहुतेक वेळा नावापासूनच सुरू होतो. मजूर तोंडाने ‘रोहिम’ सांगतो, आधारवर ‘रहीम’ असते. जबाब कन्नडमध्ये कानावर पडेल तसा लिहिला जातो आणि पश्चिम बंगालला जाणाऱ्या इंग्रजी पत्रात तिसरेच स्पेलिंग उतरते. तिकडच्या ठाण्याला असा माणूस सापडत नाही, आणि ‘नोंद आढळली नाही’ या उत्तराचा अर्थ इथे ‘परदेशी’ असा लावला जातो. म्हणून नाव, वडिलांचे नाव, गाव, पोस्ट, ब्लॉक आणि ठाणे हे सगळे त्याच्याच हाताने बंगालीत लिहून घ्यावे. लिहिता येत नसेल तर दुभाषी बोलवावा. सोबत फोटो, कागदपत्रांच्या प्रती आणि गावच्या पंचायतीचा नंबर जोडावा. जून 2025 मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशात ढकलले गेले आणि ते भारतीय आहेत हे कळल्यावर परत आणावे लागले. असे इथे घडता कामा नये.

राज्यघटनेचे कलम 22 अटक झालेल्या प्रत्येकाला लागू आहे: कारण सांगा, वकील भेटू द्या, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करा. ‘अटक नाही, फक्त चौकशीला आणलंय’ म्हणत दोन-दोन दिवस बसवून ठेवले की हे सगळे कागदावरच राहते. ठाण्यात पाऊल ठेवल्याची वेळ स्टेशन डायरीत चढलीच पाहिजे. अटकेची कारणे त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितले आहे. न वाचता येणाऱ्या कागदावर सही करणे म्हणजे काय, हे सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायद्यातही आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच आहे. मात्र आधी पोलिसांच्या हाती काही ठोस असायला हवे, नुसता संशय पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये आसामच्या एका प्रकरणात 1946 च्या जुन्या परदेशी नागरिक कायद्याबाबत स्पष्ट केले. बोलीवरून किंवा नावावरून आलेला संशय ठोस पुरावा नव्हे.

सोंडेकोप्पला नेल्यावर अडचण वाढते. बेळगाव जिल्हा उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाखाली येतो आणि ते सेंटर बंगळूरच्या कक्षेत. वकील इथला, अशील तिथे, कागद तिसरीकडे. कोठडीतल्या कुणालाही विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो (1987 च्या कायद्याचे कलम 12), पण त्या वकिलाला फोन कोण करणार, हे ठरलेले हवे.

तेव्हा बेळगावचे पोलीस आयुक्त आणि जिल्हा पोलीसप्रमुख या दोघांना लेखी आदेश द्यावा: मजुराच्या मूळ जिल्ह्याचे लेखी उत्तर, लेखी कारणांची पोच आणि वकील भेटल्याची नोंद हे तिन्ही कागद फाइलला असल्याशिवाय गाडी हलणार नाही. सेंटरमधल्या प्रत्येकाच्या फाइलवर पुढच्या फेरतपासणीची तारीखही असावी. बांगलादेशाने त्याचे नागरिकत्व मान्य केले नाही, तर कोठडीला शेवटच उरत नाही.

आपले,
बेळगाव, खानापूर व निपाणीतील काही वकील आणि कामगार कार्यकर्ते