रँडम हेक्झामर किटच्या पत्रकातून वगळलेल्या टप्प्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आरएनएपासून सीडीएनए, म्हणजे त्याची डीएनए प्रत, तयार करणारे आपले रँडम हेक्झामर (आरएनएवर कोठेही जोडले जाऊन प्रत सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे प्राइमर) असलेले किट आम्ही जनुक अभिव्यक्तीच्या मोजमापासाठी वापरतो. या वेळी आलेल्या किटसोबतच्या माहितीपत्रकात नळ्या थेट ५० अंश सेल्सिअसवर ठेवण्यास सांगितले आहे. त्याआधी २५ अंशांवर १० मिनिटे थांबण्याचा, जुन्या पत्रकात ठळकपणे छापलेला टप्पा त्यात कोठेही नाही.

हा टप्पा ऐच्छिक नाही. अवघ्या ६ न्यूक्लिओटाइडांचा प्राइमर ५० अंशांवर आरएनएला धरून राहत नाही. कमी तापमानाला तो जोडला जावा, एन्झाइमने त्याची लांबी थोडी वाढवावी आणि मग तापमान चढले तरी तो सुटू नये, यासाठीच ती १० मिनिटे असतात. आरएनएच्या टोकाच्या पॉली-ए शेपटीला (‘ए’ न्यूक्लिओटाइडांच्या सलग रांगेला) जोडल्या जाणाऱ्या लांब ऑलिगो डीटी प्राइमरला त्यांची सहसा गरज भासत नाही, आणि नवे पत्रक ऑलिगो डीटीच्या किटवरून उतरवले असावे, असे ते वाचताना वाटते.

आमचे नमुने पॅराफिनमध्ये जतन केलेल्या ऊतींचे आहेत. त्यांतील आरएनएचे तुकडे झालेले असतात आणि बहुतेक तुकड्यांना पॉली-ए शेपटी उरलेली नसते, त्यामुळे ऑलिगो डीटी आमच्या उपयोगाचा नाही. नव्या पत्रकाप्रमाणे केलेल्या संचात सीटी मूल्ये (पीसीआरमध्ये संकेत दिसू लागेपर्यंतची चक्रे; ती जितकी जास्त, तितका सीडीएनए कमी) वाढलेली दिसल्यावर आम्ही आपल्या तांत्रिक विभागाला कळवले, तेव्हा ‘आपला आरएनए खराब आहे’ एवढेच उत्तर आले. त्यानंतर आम्ही एकाच आरएनएचे दोन भाग करून, त्याच किटने, जुन्या आणि नव्या पद्धतीने शेजारी शेजारी तपासणी केली. नव्या पद्धतीत १८एस आरआरएनए (पेशींत मुबलक असणारा रायबोसोमचा आरएनए) सुमारे ३ चक्रे उशिरा दिसला, म्हणजे त्याचा सीडीएनए जवळपास ८ पटींनी कमी तयार झाला. अभ्यासातील एका जनुकात तर हा फरक ५ चक्रांचा होता. घट सर्वत्र सारखी असती, तर तुलनेसाठी मोजल्या जाणाऱ्या संदर्भ जनुकाच्या आधारे ती सावरता आली असती. ती तशी नसल्यामुळे तो संपूर्ण संच आम्हाला रद्द करावा लागला. त्यांपैकी काही ऊती आता संपल्या आहेत आणि त्या पुन्हा मिळणार नाहीत. किटच्या किमतीपेक्षा हे नुकसान आम्हाला फार मोठे वाटते.

कृपया पत्रक तातडीने दुरुस्त करावे, हे किट घेतलेल्या प्रत्येक प्रयोगशाळेला तसे लेखी कळवावे, आम्हाला किट बदलून द्यावे आणि आमच्या आरएनएबद्दलचे उत्तर लेखी मागे घ्यावे. दोन्ही पत्रकांच्या प्रती आणि तपासणीच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
एक संशोधक ग्राहक