रविवारी उपासना साडेसातला, मग ग्रामसभा

सर्व बंधुभगिनींना प्रभूच्या नावात सलाम.

येत्या रविवारी मराठी उपासना ९ ऐवजी ७.३० ला सुरू होईल, कारण १० वाजता ग्रामसभा आहे. गोव्यात ग्रामसभा बहुधा रविवारीच येते आणि आपण ‘आज प्रभूचा दिवस’ म्हणून सुटतो. मागच्या खेपेला आपल्यातले तिघेच पोचलो, तेही चहाचे रिकामे कप उचलले जात असताना. प्रार्थनाघरामागच्या तुंबलेल्या गटाराची तक्रार मात्र आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी! ‘कैसराचं (म्हणजे रोमी सम्राटाचं) ते कैसराला द्या’ हे येशूचं वचन काही नुसत्या कराबद्दल नसावं.

ग्रामसभेत बसायला नाव इथल्या मतदार यादीत लागतं. वास्कोहून राहायला आलेल्यांची नावं अजून तिकडेच आहेत. त्यांनी पत्ता बदलण्याचा फॉर्म ८ भरावा. १८ पूर्ण झालेल्या मुलांनी नवीन नावनोंदणीचा फॉर्म ६.

राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना नेहमीप्रमाणे होईल. मत कोणाला द्यायचं, हे मात्र वेदीवरून कोणी सांगणार नाही. धर्माच्या नावावर मत मागणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं भ्रष्ट आचरण ठरतं, आणि वेदी त्यासाठी नाहीच.

ज्येष्ठांसाठी दोन रिक्षा सांगितल्या आहेत. जागा हवी असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.

– सचिव