सायली, मी लेसरचं का ठरवलं ते वाच

चि. सायली, आशीर्वाद.

काल फोनवर तू रडायला लागलीस आणि माझापण घसा बसला, त्यामुळे अर्धं बोलायचं राहून गेलं. म्हणून टाइप करून पाठवतोय, निवांत वाच.

डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून मला स्क्रीनवर सगळं दाखवलं. डाव्या स्वरतंतूवर तांदळाच्या कणीएवढा पांढरट खरबरीत चट्टा आहे, उजवा एकदम स्वच्छ. मला ‘ई’ म्हणायला लावलं तर दोन्ही तंतू नीट हलत होते, आणि ते हलतायत हीच मोठी गोष्ट आहे म्हणाले. स्टेज टी वन ए, म्हणजे कॅन्सर एकाच तंतूवर आहे, मानेत गाठ वगैरे काही नाही. आवाज घोगरा झाला म्हणून इतक्या लवकर सापडला बघ.

तू म्हणतेस रेडिएशन घ्या, कापाकापी नको. अगं पण मानेवर चिराच नाहीये! भूल देऊन तोंडातून नळी घालतात, मायक्रोस्कोपमधून बघत तेवढाच भाग लेसरने काढतात. त्या किरणाची उष्णता पेशीतलं पाणीच शोषून घेतं, त्यामुळे खोलवर भाजत नाही आणि रक्तपण फार येत नाही. आणि हा कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये कुणी बनवला माहितीये? कुमार पटेल, जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंग तुझ्याच पुण्याच्या कॉलेजात! हे ऐकून मला काय बरं वाटलं, तुला सांगू.

बरं होण्याचं प्रमाण या स्टेजला दोन्हीकडे जवळपास सारखंच, खूप चांगलं आहे. पण रेडिएशनला पाच-सहा आठवडे आठवड्यातले पाच दिवस नाशिकला जायचं, आणि त्याच जागेवर ते पुन्हा पूर्ण देता येत नाही. लेसर एका दिवसाचं काम, आणि देव न करो पण परत काही उगवलंच तर पुन्हा लेसर करता येतं, रेडिएशनपण हातात शिल्लक राहतं. माझा निर्णय यावरच झालाय.

आवाजाचं मात्र खरं सांगतो. किती खोल काढावं लागतंय त्यावर आहे, थोडा घोगरा, हवा सुटल्यासारखा राहू शकतो. मार्केटमध्ये कांद्याचा लिलाव पुकारणं कदाचित जमणार नाही, ते मी मनाशी मान्य केलंय, काट्यावर बसेन. तुझ्या आईशी आणि तुझ्याशी बोलता आलं की मला पुरे आहे. नंतर स्पीच थेरपी आहेच. बिडी बंद केलीय, ती बंदच राहणार.

ऑपरेशनच्या वेळी श्वासासाठी घातलेल्या नळीला लेसरने आग लागू नये म्हणून खास नळी वापरतात, आजूबाजूला ओला कापूस ठेवतात, डोळ्यांवर ओल्या पट्ट्या, ऑक्सिजनपण कमी ठेवतात. हे सगळं मी स्वतः विचारून घेतलंय, तेव्हा रात्री यूट्यूब बघत बसू नकोस. माझा पुढचा हलणारा दात तेवढा आधी दाखवून यायला सांगितलाय, बघायला तोंडातून घालतात त्या नळीचा दाब त्यावर येतो म्हणे.

आत्ता रजा टाकू नकोस. काढलेल्या तुकड्याच्या कडा साफ आहेत का त्याचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, कडेला काही राहिलं असेल तर परत थोडं काढावं लागेल, तेव्हा रिपोर्ट आला की ये. ऑपरेशननंतर सुरुवातीला मला बोलायला मनाई आहे, कुजबुजायलासुद्धा, म्हणून फोन आईला कर आणि मला मेसेज टाक.

तुझे बाबा