चि. ओंकारास, परीक्षेच्या आदल्या रात्री

पुणे, शुक्रवार

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उद्या पहाटे तू काकांबरोबर मुंबईच्या केंद्रावर जायला निघशील तेव्हा मी आजीपाशी दवाखान्यात असेन, म्हणून हे पत्र डब्याच्या पिशवीत ठेवते आहे. काल रात्रीच्या भांडणाविषयी लिहायचे नाही असे ठरवले होते. पण तुझी कच्ची वही टेबलावर उघडी होती आणि सतराव्या गणितापाशी खोडून खोडून कागदाला भोक पडलेले मला दिसले.

आठवीच्या पेपरात पन्नासपैकी पन्नास मिळाले की त्यापुढे तुला किती येते, हे तो पेपर सांगूच शकत नाही. याच अडचणीपायी १९७२ साली अमेरिकेत बाल्टिमोरला ज्युलियन स्टॅनले या प्राध्यापकांनी सातवी-आठवीच्या सुमारे साडेचारशे मुलांना कॉलेजप्रवेशाच्या परीक्षा द्यायला बसवले. उद्याची तुझी सॅट ही त्यांतलीच, अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा; तो तुझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठ्या मुलांसाठी काढलेला पेपर आहे. त्याच्या सरावात गणितात आठशेपैकी पाचशे साठ मिळवलेस, याचा मला केवढा अभिमान वाटला, आणि तू मात्र ताटावरून उठलास.

गणिताचे ४४ प्रश्न आणि ७० मिनिटे, दोन भागांत. पहिला भाग चांगला गेला तरच दुसऱ्यात जास्त अवघड प्रश्न येतात, तेव्हा अवघड आले म्हणून घाबरू नकोस. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अडलेल्या प्रश्नाला सुचेल ते उत्तर दे, खूण कर, आणि पुढे जा. एकाच गणितापाशी अडून बसायची तुझी सवय... पाहा, पुन्हा उपदेश सुरू झाला. क्षमा कर. हे सगळे तुला माझ्याहून चांगले ठाऊक आहे.

चौथीच्या शिष्यवृत्तीच्या यादीत माझे नाव नव्हते, तेव्हा तुझ्या आजोबांनी किती गुण कमी पडले हे विचारलेच नाही. सदाशिव पेठेतल्या घरी ओट्यावर बसून त्यांनी कॅलेंडरचे जुने पान उलटे केले आणि "कोणते गणित अडले होते, ते सांग," म्हणाले. नळ आणि हौदाचे होते. हौद काढून, त्याला नळ जोडून, पाणी किती वेळात भरेल ते त्यांनी मला समजावले, आणि आई दिवे लागले तरी आम्हाला हाका मारत होती. काल मी मात्र खोलीत येताच "किती आले?" हेच आधी विचारले. अडलेले गणित दाखव म्हणायला हवे होते. ते माझे चुकले.

थालीपीठ डब्यात आहे, लोणी वेगळ्या डबीत. ओळखपत्र आतल्या कप्प्यात ठेवले आहे. लॅपटॉपचा चार्जर विसरू नकोस. आजीचा ताप संध्याकाळी उतरला. काही खाऊनच केंद्रात जा. आणि एखादे सुटले नाही, तर खोडत बसू नकोस रे.

तुझी,
आई